नक्कल अडवली की जनुक गप्प

मुळशीच्या खाचरांत आंबेमोहोर निसवला की तो कुठे लावला आहे हे कोणाला सांगावे लागत नाही, वासच सांगतो. उंच वाढणारे, वाऱ्यापावसात आडवे पडणारे, एकरी कमी पिकणारे हे भात. म्हणून खोऱ्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी ते सोडून इंद्रायणी धरली. इंद्रायणीसुद्धा आंबेमोहोराचीच लेक आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ती तयार झाली आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आली. तिच्या मऊ भाताला येणारा वास तिने आंबेमोहोराकडूनच घेतला आहे.

हा वास ज्या रेणूमुळे येतो त्याचे नाव २-असेटिल-१-पायरोलिन. बासमतीचा वासही मुख्यतः त्याचाच. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात डॉ. अल्ताफ नदाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेमोहोर आणि बासमती यांच्या सुवासाचा तौलनिक अभ्यास केला आहे. पण खरी गंमत पुढेच आहे. सुवासिक भातात हा रेणू तयार होतो तो काही जास्तीचे काम चालते म्हणून नव्हे, तर एक काम बंद पडलेले असते म्हणून. साध्या भातात ‘बीएडीएच-२’ नावाचे जनुक एक विकर तयार करते, आणि ते विकर सुवासाचा कच्चा माल दुसरीकडे वळवून संपवून टाकते. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले की सुवासिक वाणांत या जनुकातली आठ अक्षरे गळालेली असतात. जनुक मोडले, विकर बनेनासे झाले, कच्चा माल साचला आणि वास आला.

तीन वर्षांनी चिनी संशोधकांनी त्यापुढची पायरी गाठली. त्यांनी बिनवासाचा भात घेतला. त्याच्या बीएडीएच-२ जनुकाला हातही लावला नाही. त्या जनुकाकडून निघणारा संदेश तेवढा मध्येच नष्ट होईल अशी व्यवस्था रोपात केली. जनुक धडधाकट, आणि तरी भाताला वास आला. जनुक न मोडता त्याला गप्प बसवता येते, हेच या लेखाचे सूत्र आहे.

सातबाऱ्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना यातली युक्ती चटकन कळेल. जमिनीची मूळ नोंद दप्तरात राहते. कामाला जाते ती नक्कल. पेशीतही डीएनए हे मूळ दप्तर केंद्रकात बंद असते. प्रथिन बनवायचे झाले की हव्या त्या जनुकाची आरएनएच्या रूपात नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती केंद्रकाबाहेर रायबोझोमकडे जाते आणि तिथे वाचली जाऊन प्रथिन तयार होते. मूळ नोंद खोडली तर ते कायमचे आणि धोक्याचे. नक्कल अडवली तर काम थांबते, दप्तर मात्र शाबूत राहते.

नक्कल अडवायची कशी? इथे डीएनए आणि आरएनएचा सगळ्यात साधा नियम कामी येतो. यांच्या लिपीत चारच अक्षरे: ए, टी, जी आणि सी. आरएनएत टीच्या जागी यू. एसमोर टी किंवा यू, आणि जीसमोर सी, एवढ्याच जोड्या जमतात. म्हणजे नक्कलीवरचा मजकूर माहीत असेल तर त्याच्या नेमका उलट जोडीचा छोटा धागा लिहिता येतो. तो पेशीत सोडला की लाखो अक्षरांच्या गर्दीतून आपली जागा शोधून तिथे चिकटतो. नक्कलीतला मजकूर अर्थपूर्ण, म्हणजे ‘सेन्स’, म्हणून त्याच्या उलट जोडीच्या धाग्याला अँटिसेन्स असे नाव पडले.

चिकटल्यावर काय होते ते धाग्याच्या घडणीवर ठरते. डीएनएचा धागा आरएनएवर बसला तर पेशीतले ‘आरएनेज-एच’ हे विकर ती जोडी ओळखते आणि त्यातला आरएनए कापून टाकते. धागा मोकळा होऊन पुढच्या नक्कलीकडे जातो, त्यामुळे थोडे औषधही पुष्कळ काम करते. दुसऱ्या घडणीचे धागे काही कापत नाहीत, नुसते वाट अडवून बसतात. तिसरा प्रकार सर्वांत चलाख आहे. जनुकाची कच्ची नक्कल निघते तेव्हा तिच्यात पुष्कळ अनावश्यक मजकूर असतो. तो कापून उरलेले तुकडे जोडले जातात. कुठे कापायचे आणि काय ठेवायचे याच्या खुणा नक्कलीतच असतात. त्या खुणेवर अँटिसेन्स धागा बसवला की काटछाटच बदलते. या तिसऱ्या प्रकाराने तर बंद पडलेले काम सुरूही करता येते.

ही युक्ती माणसाची नाही, जीवाणूंची आहे. १९८१ साली जपानी शास्त्रज्ञ जुनइची तोमिझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की जीवाणूतला एक प्लाझमिड, म्हणजे डीएनएचे सुटे कडे, आपल्या प्रतींची संख्या अशाच उलट्या आरएनएने आटोक्यात ठेवतो. १९८४ मध्ये मासायोरी इनोउये यांच्या गटाला आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जीवाणूत ‘मिक-एफ’ हा आरएनए सापडला. बाहेर क्षार वाढले की तो आवरणातल्या एका छिद्र-प्रथिनाच्या संदेशाला चिकटतो आणि ते प्रथिन कमी होते.

जीवाणूंतले आणखी एक उदाहरण थरारक आहे. काही प्लाझमिडांवर ‘हॉक’ नावाचे विषारी प्रथिन बनवणारे जनुक असते आणि त्याच्याच समोर ‘सॉक’ नावाचा अँटिसेन्स आरएनए बनतो. सॉक सतत हॉकचा संदेश दाबून ठेवतो. जीवाणूचे दोन तुकडे होताना एखाद्या पिल्लाला प्लाझमिड मिळाला नाही, तर सॉकचे उत्पादन थांबते. सॉक अल्पायुषी, भराभर संपतो. हॉकचा संदेश मात्र टिकाऊ असतो. अडवणारा गेला, विष तयार झाले, पिल्लू मेले. प्लाझमिड टाकून देणाऱ्या पेशीला ही शिक्षा केवळ दोन आरएनएंच्या आयुष्यातल्या फरकातून होते.

माणसातही हे चालते. यूबीई-३ए या जनुकाची आईकडून आलेली प्रत मेंदूच्या चेतापेशींत काम करते; वडिलांकडून आलेली प्रत एका लांबलचक अँटिसेन्स आरएनएने जन्मभर दाबलेली असते. आईची प्रत बिघडलेली असेल तर अँजलमन सिंड्रोम हा गंभीर आजार होतो, कारण वडिलांची चांगली प्रत असूनही मुकी. त्या दाबणाऱ्या अँटिसेन्सविरुद्ध अँटिसेन्स धागा सोडून वडिलांची प्रत जागी करण्याचे प्रयोग उंदरांत जमले आणि आता मुलांमध्ये चाचण्या चालू आहेत. याच कुळातल्या चिमुकल्या मायक्रो-आरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल मिळाले. त्यांचा पहिला मायक्रो-आरएनए १९९३ साली एक मिलिमीटर लांबीच्या जंतात सापडला होता आणि पुढे कित्येक वर्षे तो जंतापुरताच मानला गेला.

औषधाची कल्पना मात्र याआधीची. १९७८ साली हार्वर्डमध्ये पॉल झॅमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या राऊस सार्कोमा विषाणूच्या आरएनएला उलटा असा तेरा अक्षरांचा डीएनए धागा बनवला. तो पेशींच्या संवर्धनात घातल्यावर विषाणूची वाढ रोखली गेली. तेरा अक्षरे, एवढेच औषध! तरी पहिले मान्यताप्राप्त अँटिसेन्स औषध बाजारात यायला १९९८ उजाडले. ते होते फोमिव्हिरसेन, एड्सच्या रुग्णांची दृष्टी घालवणाऱ्या विषाणूसाठी थेट डोळ्यात टोचायचे.

वीस वर्षे का लागली? कारण उघडा धागा शरीरात टिकत नाही. रक्तातली विकरे त्याचे काही मिनिटांत तुकडे करतात. शिवाय धाग्याच्या कण्यातल्या फॉस्फेटमुळे तो ऋणभारित असतो आणि पेशीचे तेलकट आवरण त्याला आत घेत नाही. म्हणजे अक्षरे बरोबर लिहिणे सोपे. ज्या कण्यावर ती अक्षरे टांगायची तो कणा बदलणे अवघड. हे काम जीवशास्त्रज्ञांचे नव्हते, रसायनशास्त्रज्ञांचे होते. आणि ते जगात मोजक्या ठिकाणी नेटाने झाले, त्यातले एक ठिकाण मुळशी तालुक्याला लागूनच, पाषाणला आहे.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पुणेकरांची एनसीएल, १९५० पासून तिथे उभी आहे. १९९१ साली कोपनहेगनमध्ये पीटर नील्सन आणि सहकाऱ्यांनी ‘पेप्टाइड न्यूक्लिइक अॅसिड’, थोडक्यात पीएनए, तयार केले. त्यात साखर आणि फॉस्फेटचा कणा काढून टाकून प्रथिनासारखा कणा बसवला होता. त्यावर ऋणभार नाही, म्हणून तो डीएनए-आरएनएला घट्ट चिकटतो; आणि कोणत्याच विकराला तो ओळखीचा नाही, म्हणून तुटत नाही. पण त्याचीही दुखणी होती. पाण्यात नीट विरघळत नाही, पेशीत शिरत नाही, सुलट बसायचे की उलट याबाबत काटेकोर नाही, आणि डीएनए व आरएनए यांत फारसा भेद करत नाही.

एनसीएलमध्ये डॉ. कृष्ण गणेश आणि डॉ. वैजयंती कुमार यांनी याच दुखण्यांवर वर्षानुवर्षे काम केले. पीएनएचा कणा फार लवचीक आहे, हे त्यांनी मुळाशी धरले. प्रोलिनसारख्या अमिनो आम्लाचे कडे, पाच किंवा सहा कार्बनांचे कडे त्या कण्यात गुंफून त्याला आधीच ठरावीक वळण द्यायचे, म्हणजे तो हव्या त्याच जोडीदाराला आणि हव्या त्याच दिशेने चिकटेल. कोणते कडे घातल्यावर धागा डीएनएपेक्षा आरएनएकडे जास्त ओढला जातो, याचे धडे या कामातून जगाला मिळाले. डॉ. गणेश यांना १९९८ चे भटनागर पारितोषिक मिळाले आणि २००६ साली पाषाणलाच सुरू झालेल्या आयसर पुणे या संस्थेचे ते पहिले संचालक झाले. पीएनएचा उपयोग आज रोगनिदानाच्या चाचण्यांत होतो. औषध म्हणून तो अजून बाजारात आलेला नाही, तरी कणा कसा घडवावा याची जाण पुण्याला तेव्हापासून आहे आणि ती फार मोलाची आहे.

बाजारात जिंकला तो दुसरा कणा: फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक, आणि साखरेवर एक छोटी रासायनिक शेपटी. त्याच घडणीचे नुसिनर्सन हे औषध अँटिसेन्सच्या इतिहासातले सर्वांत झळाळते यश आहे.

स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी, म्हणजे एसएमए. एसएमएन-१ हे जनुक नसल्यामुळे मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरत जातात. सर्वांत तीव्र प्रकारात बाळ मान धरत नाही, बसत नाही, गिळणे आणि श्वास जड होत जातो. उपचार नसेल तर बहुतेक बाळे दोन वर्षेही काढत नाहीत. पण माणसाकडे याच जनुकाची जवळजवळ तशीच दुसरी प्रत असते, एसएमएन-२. तिच्यात एका निर्णायक अक्षराचा फरक आहे, सीच्या जागी टी. त्या एका अक्षरामुळे काटछाट करताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो आणि प्रथिन अपुरे राहते. २००६ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रवींद्र सिंग आणि सहकाऱ्यांना सातव्या तुकड्यालगत एक जागा सापडली. तीच ‘हा तुकडा गाळा’ असा इशारा देत होती. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतले एड्रियन क्रेनर आणि आयोनिस कंपनी यांनी त्या जागेवर बसणारा धागा बनवला.

तो धागा अठरा अक्षरांचा आहे: टी-सी-ए-सी-टी-टी-टी-सी-ए-टी-ए-ए-टी-जी-सी-टी-जी-जी. नक्कलीवर ज्या जागी तो बसतो तिची सुरुवात सी-सी-ए-जी-सी-ए अशी आहे. आता धागा शेवटाकडून वाचला तर जी-जी-टी-सी-जी-टी. सीसमोर जी, सीसमोर जी, एसमोर टी, जीसमोर सी, सीसमोर जी, एसमोर टी. अठराही अक्षरे अशीच जुळतात. इशारा झाकला जातो, सातवा तुकडा टिकतो, आणि जन्मभर अर्धवट काम करणारे एसएमएन-२ पूर्ण प्रथिन देऊ लागते.

हे औषध कमरेतून पाठीच्या कण्यातल्या द्रवात टोचतात. पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा, मग दर चार महिन्यांनी, जन्मभर. तीव्र आजाराच्या बाळांवरच्या चाचणीत औषध मिळालेल्या ७३ पैकी ३७ बाळांनी मान धरणे, कुशीवर वळणे, बसणे यांत प्रगती केली; औषध न मिळालेल्या ३७ बाळांपैकी एकानेही केली नाही. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली. लक्षणे दिसण्याआधीच औषध सुरू केलेल्या २५ बाळांचा वेगळा अभ्यास झाला, त्यातली २२ बाळे आधाराशिवाय चालू लागल्याची नोंद आहे.

हे वाचून सगळेच सोपे झाले असे वाटू नये. हंटिंग्टन या मेंदूच्या आजारावरच्या टोमिनर्सन या अँटिसेन्स औषधाची मोठी चाचणी मार्च २०२१ मध्ये थांबवावी लागली. वारंवार डोस घेतलेल्यांची प्रकृती उलट खालावत होती. धागा अवयवापर्यंत पोचवणे ही अडचण आजही आहे. यकृतापर्यंतचा रस्ता सापडला आहे: धाग्याला विशिष्ट साखरेची खूण जोडली की यकृताच्या पेशी त्याला ओढून घेतात. कोलेस्टेरॉल उतरवणारे इन्क्लिसिरन हे जवळच्या कुळातले औषध असेच पोचते आणि सुरुवातीच्या डोसांनंतर वर्षातून दोनच इंजेक्शने लागतात. स्नायू, मेंदू, हृदय यांच्यासाठी असा सरळ रस्ता अजून शोधला जातो आहे.

खरी वेदना मात्र किमतीची आहे. नुसिनर्सनची अमेरिकेतली जाहीर किंमत पहिल्या वर्षाला साडेसात लाख डॉलर आणि पुढे दरवर्षी त्याच्या निम्मी होती. एसएमएवरच्या जनुक-उपचाराचे १६ कोटी रुपये उभे करण्यासाठी २०२१ साली मुंबई आणि पिंपरी-चिंचवडच्या आईवडिलांनी लोकांपुढे पदर पसरला, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदत आहे. पन्नास लाख ही लहान रक्कम नाही, पण जन्मभर घ्यायच्या औषधाला ती पुरत नाही.

अठरा अक्षरांचा धागा इतका महाग असलाच पाहिजे का? अशा किमती कशा कोसळतात ते एसएमएच्याच दुसऱ्या औषधाने दाखवले. रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यायचे औषध. ते अँटिसेन्स नाही, साधा छोटा रेणू आहे, पण एसएमएन-२ च्या त्याच सातव्या तुकड्याची काटछाट सुधारते. भारतात त्याची बाटली सहा लाख रुपयांच्या घरात होती. पेटंटच्या वादात मार्च २०२५ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय उत्पादन रोखायला नकार दिला, आणि हैदराबादच्या नॅटको फार्माने तीच बाटली १५,९०० रुपयांना आणली.

मग अँटिसेन्स धागे इथे बनवता येणार नाहीत असे मानायला काही कारण नाही. मुळशी तालुक्याचाच विचार करा. हिंजवडीच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने देशाची पहिली एम-आरएनए, म्हणजे संदेशवाहक आरएनएची, लस बनवली. जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची मंजुरी मिळाली, आणि ती साध्या फ्रीजच्या तापमानाला टिकते. नांदे गावात ल्युपिनचे संशोधन केंद्र आहे, घोटावड्यात त्यांचा जैवतंत्रज्ञान विभाग. लसीचा लांब आरएनए विकरांकडून घडवून घेतात, अँटिसेन्सचा छोटा धागा एकेक अक्षर जोडत रसायनांनी घडवतात; दोन्हींचे कसब वेगळे. पण शुद्धता तपासणे, रेणू पोचवणे, चाचण्या घेणे हे पुष्कळसे सामाईक आहे, आणि रसायनाचे कसब शेजारी पाषाणला आहे. बेंगळुरूची ‘डार्ट’ ही पालकांच्या पुढाकारातून उभी राहिलेली संस्था आणि आयआयटी जोधपूर यांनी ड्यूशेन या स्नायूंच्या आजारासाठी अँटिसेन्सवर काम सुरू केले आहे. अमेरिकेत तर २०१८ साली एकाच आजारी मुलीच्या जनुकातल्या एकाच चुकीसाठी धागा बनवला गेला. वर्षभराच्या आसपासच्या काळात तो तयार झाला आणि तिच्याच नावावरून त्याला मिलासेन म्हणतात. ती मुलगी पुढे वाचली नाही, पण एका माणसासाठी औषध बनवता येते हे त्यातून सिद्ध झाले.

पुण्याच्या परिसरात ज्ञान आहे, कारखाने आहेत, औषधे स्वस्तात बनवण्याचा भारताचा अनुभव जगाला ठाऊक आहे. सरकारने दुर्मीळ आजारांचा पैसा केवळ आयात औषधांवर न घालवता इथल्या अँटिसेन्स उत्पादनात गुंतवला पाहिजे. दर रुग्णामागे मदत वाटत राहण्यापेक्षा तोच मार्ग खात्रीचा आहे.

तोवर आईवडिलांच्या हातात एक गोष्ट आहे. साधारण ४० ते ६० माणसांमागे एक जण एसएमएचा वाहक असतो आणि त्याला स्वतःला काहीच होत नाही. नवराबायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. बाळ तीन-चार महिन्यांचे होऊनही मान धरत नसेल, पाय उचलत नसेल, उचलल्यावर अंग सैल सोडत असेल, तर ‘उशिरा करतात काही मुले’ या समजुतीवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडे एसएमएन-१ जनुकाच्या तपासणीचा विषय स्वतःहून काढा. दुर्मीळ आजार धोरणाखालचे महाराष्ट्रातले केंद्र मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे.